पिळाचे मोल

मनुष्याचा आवाज फार दूर जात नाही. कड्यावरून घातलेली हाक पलीकडच्या माळावर पोहोचते. परंतु वारा उलटा असला, तर ती वाटेतच विरून जाते. दूरच्या माणसाशी बोलता यावे, आपला आवाज त्याला आणि त्याचा आपल्याला ओळखता यावा, ही इच्छा मात्र मनुष्याच्या मनात फार पूर्वीपासून आहे. ती प्रथम पुरी केली एका साध्या धातूच्या तारेने. परंतु आवाज तारेच्या एका टोकाशी पोहोचविणे जितके अवघड होते, तितकेच तो दुसऱ्या टोकाशी निर्मळ स्थितीत बाहेर काढणेही अवघड होते. ही दुसरी अडचण कशी सुटली, त्याची हकिगत मोठी बोधप्रद आहे.

१० मार्च १८७६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल या संशोधकाने आपला साहाय्यक थॉमस वॉटसन याला तारेतून हाक मारली. वॉटसन दुसऱ्या खोलीत होता. त्याने ती हाक स्पष्ट ऐकली, आणि टेलिफोन ही केवळ कल्पना राहिली नाही. पुढे दोन वर्षांच्या आतच न्यू हेवन या गावी एक्स्चेंज उघडले. १८८२ साली मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. घरांच्या छपरांवरून आणि रस्त्यांच्या कडेच्या खांबांवरून तारांची जाळी पसरू लागली.

टेलिफोनमध्ये प्रत्यक्ष आवाज तारेतून जात नाही. जाते ती त्याची विद्युत प्रतिमा. आवाजाने हवेत लाटा उठतात, त्या लाटांनी यंत्रातील पातळ पडदा थरथरतो, आणि पडदा जसा थरथरेल तसा तारेतील विद्युत्प्रवाह कमीजास्त होतो. पलीकडच्या टोकाला त्या प्रवाहाने दुसरा पडदा थरथरू लागतो व हवेत पुन्हा तशाच लाटा उठवितो. याचा अर्थ असा की, तारेतील प्रवाहात जो जो चढउतार होईल, तो सगळाच ऐकणाऱ्याच्या कानी आवाज होऊन पडेल. तो चढउतार बोलणाऱ्याने केला की आणखी कोणी, हे त्या बिचाऱ्या पडद्याला कळत नाही.

आणि तसा चढउतार करणारे पुष्कळ होते. टेलिफोन कानाला लावताच कोठे खरखर ऐकू येई, कोठे शिटीसारखा आवाज निघे, कोठे तव्यावर काहीतरी तडतडल्याचा भास होई. शेजारच्या तारेतून तारायंत्राचा संदेश जाऊ लागला, म्हणजे त्याची टकटक या तारेत स्पष्ट उमटे. कधी कधी तर भलत्याच दोन गृहस्थांचे संभाषण मध्येच ऐकू येई. ढग गडगडू लागले, की बोलणे बंदच ठेवावे लागे. वॉटसन हा जिज्ञासू मनुष्य होता. रात्री सर्वत्र शांतता झाली, की तो तासन्‌तास तारेला कान लावून हे चमत्कारिक आवाज ऐकत बसे. हे आवाज सूर्यावरील उलथापालथीचे असतील काय, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. वॉटसनला त्यात मौज वाटे. परंतु पैसे मोजून टेलिफोन घेणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा रात्री-अपरात्री डॉक्टरला बोलावू पाहणाऱ्या कुटुंबाला त्यात कसली मौज वाटणार?

हे आवाज तारेत शिरत तरी कोठून? तार म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. नळात एका टोकाने जितके पाणी घालावे, तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. बाहेरचे पाणी नळाच्या भिंतीतून आत शिरत नाही. तारेचे तसे नाही. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला, की तिच्या भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ अर्स्टेड याने १८२० साली दाखविले होते. उलट, तारेजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलू लागले, की तारेत आपोआप विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे १८३१ साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे याने सिद्ध केले. या क्रियेला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. तेव्हा एकाच खांबावरून दोन तारा शेजारी शेजारी गेल्या असतील आणि त्यांपैकी एकीत प्रवाह कमीजास्त होत असेल, तर दुसरीत त्याचा पडसाद उमटणारच. तारांचा परस्परांना स्पर्शही व्हावा लागत नाही. याखेरीज, एका तारेवरील विद्युत दाब बदलला, तर हवेतून त्याचाही परिणाम शेजारच्या तारेवर होतो. अशा रीतीने बाहेरून आलेल्या या उपद्रवाला ‘व्यत्यय’ असे नाव आहे.

त्या काळच्या टेलिफोनात आणखी एक दोष होता. विद्युत्प्रवाहाला जाण्यासाठी एक वाट लागते, तशीच परतण्यासाठीही एक वाट लागते. तारायंत्राचे काम करणाऱ्यांनी खर्च वाचविण्यासाठी एक युक्ती योजिली होती. जाण्यासाठी त्यांनी लोखंडी तार ठेविली आणि परतीच्या वाटेचे काम पृथ्वीवर सोपविले. दोन्ही टोकांना तारेची टोके जमिनीत पुरली, की मंडल पूर्ण होई व निम्मी तार वाचे. तारायंत्राला एवढे पुरे होते. कारण त्याला केवळ ‘टक’ झाले की नाही, एवढेच ओळखावयाचे असे. टेलिफोनवाल्यांनीही तीच पद्धत उचलली. परंतु टेलिफोनचा कान फार तिखट. पृथ्वी ही तर सर्वांचीच वाट. ज्याचा त्याचा प्रवाह तिच्यातून वाहत असे, आणि त्यातला थोडाथोडा अंश टेलिफोनच्या तारेत चढत असे.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे अधिक मोठ्याने बोलणे. गोंगाट वाढला, की बाजारातला प्रत्येक जण ओरडून बोलू लागतो. त्याने गोंगाट आणखी वाढतो. तारांच्या बाबतीत नेमके हेच झाले असते. एका तारेतील प्रवाह वाढवावा, तर शेजारच्या तारेतील पडसाद वाढे. तिने आपला वाढवावा, तर पहिलीला त्रास होई. आवाज वाढवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तारेची रचनाच बदलणे आवश्यक होते.

ती रचना दिसावयास अगदी साधी होती. पृथ्वीला रजा द्यावी आणि परतीच्या वाटेसाठी दुसरी तार लावावी. मात्र ती पहिलीच्या अगदी जवळून न्यावी. एवढ्याने काय साधते, ते तराजूच्या दृष्टान्ताने समजेल. तराजूची दोन्ही पारडी समतोल आहेत, असे समजा. आता दोन्ही पारड्यांत एकेक मूठ वाळू सारखीच पडली, तर दांडी हलेल काय? मुळीच हलणार नाही. परंतु एका पारड्यातील एक दाणा उचलून दुसऱ्यात टाकला, तर दांडी लगेच कलेल. जोडतारेच्या टोकाला असलेले यंत्र हे या तराजूसारखे असते. दोन्ही तारांत जे सारखे असेल, त्याकडे ते लक्षच देत नाही. दोहोंत जो फरक असेल, तेवढाच ते ऐकते. बोलणाऱ्याचा प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परततो, म्हणजे तो दोन तारांत उलटसुलट असतो. म्हणून तो ऐकू येतो. बाहेरचा व्यत्यय मात्र जवळजवळ असलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. म्हणून त्याची वजाबाकी होऊन बाकी शून्य उरते. व्यत्ययाला तारेत येण्यास बंदी केलेली नसते. तो खुशाल येतो, परंतु दोन्ही पारड्यांत सारखा पडल्यामुळे निष्प्रभ ठरतो.

बोस्टनच्या एक्स्चेंजमध्ये १८७९ साली जॉन कार्टी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा नोकरीस लागला होता. पुढे तो मोठा अभियंता झाला. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने बोस्टन आणि प्रॉव्हिडन्स या शहरांमधील दोन तारा एकमेकींस जोडल्या, पृथ्वीशी असलेला संबंध तोडला आणि टेलिफोन कानाला लावला. खरखर गेली होती, शिट्या थांबल्या होत्या. ऐकू येत होते ते केवळ बोलणे. वास्तविक प्रत्येक मंडलाला दोन तारा लावावयाच्या, म्हणजे तारेचा खर्च दुप्पट. कित्येकांना ही सूचना परवडणारी वाटली नाही. तथापि १८८४ साली बोस्टन आणि न्यूयॉर्क या सुमारे ३५० किलोमीटर अंतरावरील शहरांना जोडणारी तांब्याची दुहेरी तार सुरू झाली, आणि एवढ्या अंतरावरून माणसे एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा या खर्चाचे सार्थक सर्वांच्या प्रत्ययास आले.

ज्यांनी तरीही पृथ्वीचा आश्रय सोडला नाही, त्यांच्यावर लवकरच मोठे संकट ओढवले. १८८८ साली अमेरिकेतील रिचमंड शहरी विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांचे मोठे जाळे सुरू झाले, आणि थोड्याच वर्षांत इतर अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. ट्रामचा बलाढ्य प्रवाह रुळांतून व जमिनीतून परते. जमिनीचाच आधार घेणाऱ्या टेलिफोनच्या तारा त्या प्रवाहाने अशा गर्जू लागल्या, की बोलणे अशक्य झाले. प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. टेलिफोनवाल्यांचे म्हणणे, ‘आम्ही आधी आलो, ट्रामवाल्यांनी आमची जमीन बिघडविली.’ परंतु पृथ्वीवर एकट्या टेलिफोनचा हक्क कसा सांगता येणार? अखेर भांडण मिटविले ते दुसऱ्या तारेनेच. शेजाऱ्याला गप्प बसविण्यापेक्षा आपले घर नीट बांधणे हाच खरा उपाय ठरला.

दुहेरी तारेनेही एक अडचण पुरती सुटली नव्हती. दोन तारा कितीही जवळ ठेविल्या, तरी उपद्रव देणाऱ्या तारेला त्यांपैकी एक थोडी जवळची आणि दुसरी थोडी दूरची असणार. मग जवळचीवर व्यत्यय अधिक आणि दूरचीवर कमी पडणार. पारडी सारखी राहणार नाहीत, आणि तेवढ्यापुरती खरखर ऐकू येणारच. यावरही बेलने तोड सुचविली होती. १९ जुलै १८८१ रोजी त्याला मिळालेल्या पेटंटमध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळून घेण्याची कल्पना आहे.

शेतकऱ्याच्या खळ्यातील मळणी अनेकांनी पाहिली असेल. मधल्या खांबाभोवती बैलांची जोडी फिरत असते. खांबाकडच्या बैलाला लहान वर्तुळ चालावे लागते, बाहेरच्याला मोठे. शेतकऱ्याने जर ठराविक फेऱ्यांनंतर बैलांच्या जागा बदलल्या, तर दिवसाअखेर दोघांची चाल सारखी भरेल. पिळाचे कार्य हेच आहे. पिळलेल्या जोडतारेत आता एक तार उपद्रवाच्या बाजूला असते, तर किंचित पुढे दुसरी तिची जागा घेते. प्रत्येक पिळागणिक जवळ-दूरची अशी अदलाबदल होत जाते. एका ठिकाणी एकीवर जो अधिक भार पडला, तोच पुढच्या ठिकाणी दुसरीवर पडतो. सगळ्या लांबीचा हिशेब केला, की दोघींवरचा भार जवळजवळ सारखाच भरतो. खांबांवरून जाणाऱ्या उघड्या तारांना पीळ घालता येत नसे. म्हणून ठराविक अंतरावरच्या खांबांवर त्यांच्या जागा एकमेकींशी बदलीत असत. तोही मोठ्या मापाचा पीळच होय.

एका केबलमध्ये अशा अनेक जोड्या एकत्र बांधावयाच्या असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. सगळ्या जोड्यांना सारख्याच अंतरावर पीळ दिला, तर शेजारच्या दोन जोड्या कवायतीतील मुलांप्रमाणे बरोबरीने वळतील; एकीची ठराविक तार सदैव दुसरीच्या त्याच तारेशेजारी राहील, आणि अदलाबदलीचा लाभ नाहीसा होईल. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ निराळ्या मापाचा ठेवतात. आजच्या संगणकांना जोडणाऱ्या केबलच्या आत पाहिले, तर रंगीत तारांच्या चार जोड्या दिसतात. त्यांपैकी कोणाचा पीळ घट्ट असतो, तर कोणाचा सैल. ही कारागिराची हयगय नव्हे. ती मुद्दाम केलेली योजना आहे.

व्यत्यय टाळण्याचा दुसरा एक मार्ग फॅरडेने टेलिफोनच्या जन्मापूर्वीच दाखवून ठेविला होता. १८३६ साली लंडनमध्ये त्याने सुमारे १२ फूट लांब, रुंद व उंच अशी एक खोली उभारली आणि तिच्या सर्व बाजू धातूने मढविल्या. मग आपली सूक्ष्म उपकरणे घेऊन तो स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून खोलीवर विजेच्या मोठमोठ्या ठिणग्या सोडण्यात आल्या. परंतु आत उपकरणांवर त्याचा मागमूसही दिसला नाही. सगळी वीज धातूच्या बाहेरच्या बाजूवरच राहिली. हीच खोली लहान आणि लांबट करून तारेभोवती गुंडाळली, म्हणजे केबलचे कवच तयार होते. तांब्याच्या बारीक तारा वेणीसारख्या विणून हे कवच करतात, किंवा धातूचा पातळ पापुद्रा तारांभोवती लपेटतात. कवच पृथ्वीशी किंवा यंत्राच्या पायाशी जोडलेले असले पाहिजे, म्हणजे त्याने अडविलेली वीज सुखाने निघून जाते.

मग कवच असताना पीळ कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पातळ तांब्याचे कवच विद्युत दाबाचा परिणाम चांगला अडविते; परंतु सावकाश बदलणारे चुंबकीय क्षेत्र त्यातून जवळजवळ बिनदिक्कत आत शिरते. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्या तारांभोवतीचे क्षेत्र या जातीचे असते. त्याच्यावर इलाज पिळाचाच. कवच आणि पीळ ही दोन भावंडे आहेत. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

सभेत किंवा कीर्तनात वापरल्या जाणाऱ्या मायक्रोफोनच्या तारेत या दोघांची गाठ पडलेली दिसते. साध्या मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत दाब अतिशय क्षीण, म्हणजे एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्याच मंडपातून दिव्यांसाठी नेलेल्या तारेत २३० व्होल्टचा दाब असतो. एकाच्या तुलनेत दुसरा लाखाहून अधिक पटींनी मोठा! त्या महाकाय शेजाऱ्याच्या कुशीतून हा इवलासा प्रवाह सुखरूप न्यावयाचा असतो. म्हणून चांगल्या मायक्रोफोनच्या केबलमध्ये मध्यभागी पिळलेल्या दोन तारा, त्यांवर तांब्याच्या जाळीचे कवच आणि सर्वांत बाहेर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असते. टोकाला तीन खिळे असतात: दोन तारांचे दोन आणि कवचाचा एक. या तिघांपैकी एकाचा जोड जरी तुटला, तरी पारड्यांचा समतोल बिघडतो, आणि कर्ण्यातून वक्त्याच्या आधी विजेचा ‘हूंऽऽ’ असा सूर ऐकू येऊ लागतो.

बाहेरच्या उपद्रवाचा असा बंदोबस्त झाला, तरी तार स्वतःही आवाज बिघडवू शकते. पाटाने पाणी सोडले, की कोरडी जमीन प्रथम आपली तहान भागविते आणि मगच पाणी पुढे सरकते. लांब केबलचेही तसेच आहे. तिच्या तारांमध्ये थोडी वीज साठून राहते; ती साठवण भरल्याशिवाय प्रवाह पुढे वाढत नाही आणि रिकामी झाल्याशिवाय उतरत नाही. सावकाश होणारे चढउतार तरीही पलीकडे पोहोचतात. परंतु जलद चढउतार वाटेतच बोथट होतात. बोलण्यातील ‘स’, ‘श’ यांसारख्या ध्वनींत असे जलद चढउतार पुष्कळ असतात. ते बोथट झाले, की तोंडावर पांघरूण घेऊन कोणी बोलत असावे, तसा आवाज येतो.

हा दोष तारायंत्रवाल्यांना टेलिफोनच्याही आधी महागात पडला होता. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी ३,००० किलोमीटरहून लांब अशी तार टाकण्यात आली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना धाडलेला सुमारे शंभर शब्दांचा संदेश तिच्यातून पलीकडे पोहोचण्यास १६ तास लागले! तारेची व्यवस्था पाहणाऱ्या व्हाइटहाउस या अधिकाऱ्याला वाटले की, जोर कमी पडतो आहे. त्याने प्रचंड दाबाची वीज तारेत सोडली. तार मुळातच सदोष होती. या जबरदस्तीने तिचे आवरण आणखीच दुबळे झाले, आणि अवघ्या काही आठवड्यांत ती कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाचे मत उलट होते. तार उत्तम तांब्याची आणि जाड आवरणाची असावी, तिच्यात हलकाच प्रवाह सोडावा आणि पलीकडे तो टिपणारे यंत्र मात्र अतिशय नाजूक असावे, असे तो सांगे. १८६६ साली टाकलेल्या नव्या तारेने त्याचे म्हणणे खरे करून दाखविले.

टेलिफोनच्या तारेतील हाच दोष ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज गणितज्ञाने गणिताने उकलला. लहानपणच्या आजारामुळे हेव्हिसाइडला कमी ऐकू येई. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली; पुढचे सारे शिक्षण त्याने स्वतःच केले. तारेतील विजेच्या साठवणीला तोलून धरणारा दुसरा गुण तारेत वाढविला, तर आवाज विकृत न होता दूरवर जाईल, असे त्याने १८८७ साली दाखवून दिले. त्या वेळी त्याचे म्हणणे थोड्यांनीच मानले. परंतु १९०० च्या सुमारास अमेरिकेतील अभियंत्यांनी तारेच्या वाटेवर ठराविक अंतराने तारेची वेटोळी बसविली, आणि दूरचे आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागले. एका तारेभोवती नळीसारखा दुसरा वाहक असलेल्या केबलचे पेटंटही हेव्हिसाइडने १८८० सालीच घेतले होते. घराच्या गच्चीवरील तबकडीपासून दूरदर्शन संचाकडे येणारी काळी केबल त्याच जातीची आहे. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते, त्याने जगाचे ऐकणे सुधारले, हे केवढे नवल!

यावरून केबल कशी पारखावी, हेही ध्यानात येईल. बाजारात सोन्याचा मुलामा दिलेल्या, डोळे दिपविणाऱ्या किमतीच्या केबल मिळतात. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून जोडाच्या ठिकाणी त्याचा उपयोग आहे; परंतु पीळ, कवच आणि समतोल यांची उणीव सोने भरून काढू शकत नाही. शिवाय प्रत्येक कामाला निराळी तार लागते. मायक्रोफोनच्या क्षीण प्रवाहाला कवच आणि पीळ हवा. कर्ण्याकडे जाणारा प्रवाह मुळातच बलवान असतो. त्याला व्यत्ययाचे फारसे भय नाही. तेथे तार जाड हवी, म्हणजे वाटेत शक्ती वाया जात नाही. अंतर थोडे असेल, तर तार आखूडच ठेवावी. आणि मायक्रोफोनची तार दिव्यांच्या तारेला समांतर, तिला लगटून कधीही नेऊ नये. दोघींना एकमेकींना ओलांडावयाचेच असेल, तर ती काटकोनात ओलांडावी. या गोष्टींना पैसे पडत नाहीत. विचार मात्र करावा लागतो.

आज दूरदूरचे संदेश काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जातात, आणि प्रकाशाला शेजारच्या विजेचा उपद्रव होत नाही. तरीही जेथे आवाज प्रथम विजेत उतरतो त्या मायक्रोफोनपाशी, आणि शाळा-कचेऱ्यांतील संगणकांच्या मागे, बेलने सुचविलेली ती पिळलेली जोडी आपले काम करीतच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण हट्टी माणसाला उद्देशून आहे. परंतु तारेचा पीळ हा हट्टाचा नव्हे, समंजसपणाचा आहे. भोवतालचा गोंगाट तो थांबवीत नाही, त्याच्याशी झगडतही नाही. येईल तो भार दोघींनी सारखा वाटून घ्यावयाचा, आणि सांगावयाचे ते शुद्ध स्वरूपात पोहोचवावयाचे, एवढेच तो जाणतो.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) टेलिफोनच्या तारेला ‘पाण्याचा नळ’ का म्हणता येत नाही?
(आ) परतीच्या वाटेचे काम पृथ्वीवर सोपविल्याने तारायंत्राचे बिघडले नाही. टेलिफोनचे मात्र बिघडले. असे का झाले?
(इ) मोठ्याने बोलण्याचा उपाय तारांच्या बाबतीत का चालला नसता?
(ई) एका केबलमधील निरनिराळ्या जोड्यांचे पीळ सारखे का ठेवीत नाहीत?

२. तराजू आणि खळ्यातील बैल हे दोन दृष्टान्त पाठात आले आहेत. प्रत्येक दृष्टान्ताने कोणती गोष्ट स्पष्ट केली आहे, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

३. व्हाइटहाउस आणि थॉमसन यांच्या विचारांतील फरक पाच-सहा ओळींत लिहा. त्यांपैकी कोणाचा विचार पिळाच्या तत्त्वाशी अधिक जुळतो?

४. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: मागमूस, बिनदिक्कत, हयगय, तोड सुचविणे, सार्थक होणे, प्रत्ययास येणे.

५. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ या म्हणीचा अर्थ सांगा. ‘पीळ’ हा शब्द ज्यात आला आहे, असे आणखी दोन वाक्प्रचार शोधून लिहा.

६. करून पाहा: दोन निरनिराळ्या रंगांचे दोरे एकमेकांभोवती पिळा व ते कागदावर ओढलेल्या एका सरळ रेषेशेजारी ठेवा. प्रत्येक पिळाच्या ठिकाणी कोणता रंग रेषेच्या अधिक जवळ आहे, ते क्रमाने लिहून काढा. शेवटी दोन्ही रंगांची संख्या मोजा. (विजेच्या खऱ्या तारेला या प्रयोगासाठी हात लावू नये.)